पहाडावरचा रवा

बर्फ चिमटीत धरून, जिभेवर ठेवून, त्याचं नाव सांगणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच आहे आणि तो माझ्या नवऱ्याच्या आत्याचा नवरा आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्याकडे या नात्याला आतोबा म्हणतात. त्यांना स्वतःचं नाव आहे, पण ते हेल्थ कार्डावर; बाकी सगळीकडे, अगदी लिफ्ट चालवणाऱ्या कॉलेजच्या पोरांपर्यंत, ते आतोबाच. नागपूरच्या उन्हात वाढलेले हे गृहस्थ इकडच्या लंडनमध्ये आले (नदी इथेही टेम्सच आहे, राणी मात्र फक्त नोटेवर), एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं आणि रिटायर झाल्यावर पुढच्याच आठवड्यात स्कीइंग शिकायला गेले. त्यांच्या बरोबरीचे काका लोक मिसिसागाला मुलांजवळ राहायला गेले, सकाळी मॉलमध्ये चालायला लागले. आतोबांनी गराज सेलमधून स्कीज आणल्या, कुणाच्या तरी मुलाचं जांभळं हेल्मेट आणलं, त्याखाली नागपूरहून आणलेली माकडटोपी घातली आणि निघाले. आत्या सांगते की पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा पाठीला, कमरेला आणि स्वाभिमानाला एकदमच मार लागलेला होता, आणि चेहरा मात्र पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा.

आता ज्या डोंगरावर हे सगळं चालायचं, त्याबद्दल बोललंच पाहिजे. शहराच्या कडेला एक टेकडी आहे. मी सांगलीची, आमच्या दंडोबाच्या डोंगरापुढे ही टेकडी म्हणजे रस्त्यातला स्पीडब्रेकर. तारेवरून वर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसून थर्मासचं झाकण उघडेपर्यंत माथा येतो. पण आतोबा तिला 'पहाड' म्हणत. 'पहाडावर जाऊन येतो', 'आज पहाड चांगला आहे', 'पहाडाची तब्येत ठीक नाही'. एकदा माझ्या नवऱ्यानं कौतुकानं विचारलं की आतोबा, एकदा रॉकीजला खरे डोंगर बघायला जाऊ या का, तर म्हणाले की घरची भाजी सोडून हॉटेलात जेवायची त्यांना सवय नाही.

या पहाडावर बर्फ जेवढा वरून पडतो तेवढाच मशीननं फवारलेला असतो. मधूनच थंडी पळते, पाऊस पडतो, रात्रीत सगळं गोठतं. एका आठवड्यात चार ऋतू. इंग्रजीत या प्रत्येक बर्फाला नाव आहे, पण आतोबांना ती नावं पसंत नव्हती. त्यांनी सगळा बर्फ आत्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत भरला. उणे पंधराला पडलेला, फुंकर मारली तर उडणारा तो पिठीसाखर. तोच दोन दिवस थंडीत राहिला, दाणा धरला, की रवा. आतोबांच्या मते स्कीखाली 'सर्र' असा आवाज करणारा रवा म्हणजे परमेश्वराची कृपा. मशीनचा तो मीठ, कामापुरता. सकाळी मोठं यंत्र फिरवून उतारावर बारीक रेघा काढलेल्या असतात त्या शेवया, आणि त्या शेवयांवर पहिली स्की आपली पडावी म्हणून हा माणूस पार्किंग उघडायच्या आधी गाडीत बसून राही. गोठणारा पाऊस पडून गेला की वर चकचकीत पापुद्रा येतो, तो पाक. त्यातही एकतारी आणि दोनतारी. एकतारीवर जपून जायचं, दोनतारी असेल तर घरी बसायचं. आणि मार्चमध्ये, दिवसा वितळून रात्री गोठून जे गोल टपोरे दाणे होतात तो साबुदाणा. तो अकरापर्यंत मोकळा असतो, बारानंतर त्याचा गिचका होतो.

मी आले ती जानेवारीत. लग्नाला दोन महिने झालेले, नवऱ्याची नोकरी विंडसरला कारखान्यात. तो सोमवारी जाई, गुरुवारी येई. मी सांगलीत चांगली चालती फिजिओथेरपिस्ट होते. इथे परीक्षा दिल्याशिवाय कुणाच्या गुडघ्याला हात लावायची परवानगी नव्हती. आत्याच्या घरापासून दोन चौकांवर आमचं अपार्टमेंट. दिवसभर पुस्तक उघडून मी खिडकीतून पांढरं बघत बसायची आणि तिकिटांच्या साइट उघडायची. मला परत जायचं होतं. नवऱ्याला सांगायचं कसं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

अशात एका सकाळी फोनवर आतोबांचा व्हॉइस मेसेज आला: "आज रवा आहे. साडेनऊ." बस, एवढंच. तो मेसेज ते रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत आणि कुणीही ऐकत नसे, हे मला कुठे ठाऊक! मला वाटलं आत्याकडे पाहुणे येणार असतील, रवा संपला असेल. मी डब्यातला सगळा रवा पिशवीत ओतला आणि गुडघाभर बर्फातून घसरत, पडत, नाक पुसत बरोबर साडेनऊला दारात उभी राहिले. आतोबा स्कीज गाडीवर बांधत होते. त्यांनी पिशवी बघितली, उघडली, चिमूटभर रवा बोटांवर चोळला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा जाडा आहे. पहाडावर याहून बारीक आहे. चाल, दाखवतो." आत्या आतून हसत हसत बाहेर आली, स्वतःचं जुनं लालभडक जॅकेट माझ्या अंगावर चढवलं आणि मला गाडीत कोंबलं. त्या रव्याचा तिनं दुपारी उपमा केला. आम्ही ओले, गारठलेले, भुकेले परत आलो तेव्हा तो गरम होता. इथे आल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे विचारू नका. स्कीजची पुढची टोकं जवळ आणली, मागची फाकवली की वेग कमी होतो. याला इथली मास्तर मंडळी मुलांना 'पिझ्झा कर' म्हणून सांगतात. आतोबांनी त्याचा समोसा केला. मी उतारावरून किंचाळत सुटलेय आणि मागून हे गृहस्थ खणखणीत आवाजात 'समोसा! सूनबाई, समोसा!' करत येताहेत. लिफ्टपाशी काम करणारा एक पंजाबी विद्यार्थी धावत आला आणि मोठ्या आशेनं विचारू लागला की अंकलजी, कहाँ मिल रहा है? पुढच्या आठवड्यात आत्यानं त्याच्यासाठी खरोखरच समोसे पाठवले. पडण्याबद्दल तर आतोबांचं स्वतंत्र शास्त्र होतं. कुठल्या बर्फात कुठल्या अंगावर पडावं हे ते प्रात्यक्षिकासह दाखवत. मी त्यांना गुडघ्यांची भीती घालायची, शिकलेलं सगळं सुनावायची. ते ऐकून घेत आणि म्हणत की गुडघे तू पाहा, पहाड मी पाहतो. खरं सांगते, त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते.

तो हिवाळा गेला, दुसरा गेला. मी परीक्षेचा एक भाग पास झाले. तिकिटांची साइट उघडायची राहिली ती राहिलीच.

तिसऱ्या हिवाळ्यात आतोबा बदलले, आणि मला, म्हणजे माणसाचं चालणं बघून दुखणं ओळखणाऱ्या बाईला, पत्ता लागला नाही. आधी ते पुढे असत, मी मागे. आता म्हणू लागले, तू पुढे हो. गाडी मला चालवायला लावू लागले, का तर माझा हात बसला पाहिजे. उतारावर मागून विचारत, पुढे काय आहे? मला वाटायचं, परीक्षा घेताहेत. मी ऐटीत सांगायची, रवा, पुढे थोडा पाक. ते म्हणायचे, शाब्बास. मी आपली खूश. त्याच सुमारास मी सेलमध्ये एक छान राखाडी जॅकेट घेतलं. आत्याचं ते लाल जॅकेट आता कोपरांवर फाटलं होतं आणि त्यात मी सिग्नलसारखी दिसायची. तर आत्या चक्क रुसली. शहरात काय हवं ते घाल, म्हणाली, पहाडावर लालच घाल. मी मनात म्हटलं, झालं, सासरच्या माणसांना कपड्यांत लक्ष घातल्याशिवाय चैन पडत नाही. आणि राखाडीच घालून गेले.

त्या दिवशी आभाळ खाली उतरलेलं, सगळं पांढुरकं होतं. मी खाली पोचले, वळून बघते तर आतोबा नाहीत. शोधता शोधता वर नजर गेली. लिफ्टच्या खुर्चीत ते एका लाल जॅकेटवाल्या बाईशेजारी बसून वर चालले होते, आणि हातवारे करून बोलत होते. मी पुढची खुर्ची पकडली. माथ्यावर पोचले तेव्हा ती साठीची गोरी बाई गोड हसत उभी होती आणि आतोबा तिला नागपुरी मराठीत सांगत होते की पुढच्या वळणावर पाक आहे, सूनबाई, समोसा करूनच उतर. मला हसू फुटलं. "आतोबा, मी इकडे आहे," मी म्हटलं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला बघितलं. माझं हसू तिथेच थांबलं.

आम्ही बाकावर बसलो. त्यांनी हातमोजे काढले, परत घातले.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसते. माणसाचं तोंड दिसत नाही, जॅकेट दिसते. डॉक्टरनं सांगितलं, हळूहळू तेही जाईल. आत्याला सांगू नको वं. ती पहाड बंद करून टाकेल."

मी चिडले. माझा स्वभावच तसा आहे, घाबरले की चिडते. म्हटलं, तुम्ही माझ्या पाठीवर विसंबून या उतारावरून येत होतात आणि मला सांगितलं नाहीत? मी धडपडले असते तर? तुम्ही झाडावर गेला असता तर? मी खोटं बोलणार नाही, आज तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते.  त्यांनी बर्फाची चिमूट घेऊन जिभेवर ठेवली आणि म्हणाले की आज मीठ जास्त झालं आहे. मला त्या क्षणी रडू आलं ते त्यांना दिसलं नाही, पण कळलं असणार, कारण त्यांनी आत्यानं बरोबर दिलेला उपम्याचा डबा माझ्याकडे सरकवला.

घरी जाऊन त्यांनी एकदाचं सांगितलं. आत्या पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "सहा महिने झाले, चहाचा चमचा कपाच्या बाहेर ढवळून राहिले. मला काय दिसत नाही? म्हणून तर हिला म्हणत होती, लालच घाल."

त्या जॅकेटची कोपरं मी त्याच दुपारी शिवली.

आत्यानं पहाड बंद केला नाही. उलट तीच आमच्याबरोबर पहाडावरच्या ऑफिसात आली आणि त्या लोकांना विचारलं की असं कमी दिसणारा माणूस कसा उतरतो ते आम्हाला शिकवा. त्यांनी शिकवलं. बाकीच्यांना लांबून कळावं म्हणून नारिंगी बनियनसारखे दोन कोट मिळाले, एक न दिसणाऱ्याचा म्हणून त्यांना, एक वाटाड्याचा म्हणून मला. माझा मी लाल जॅकेटवर घालायची. पुढचा पूर्ण हिवाळा मी पुढे आणि आतोबा मागे, आणि माझा घसा सतत चालू: डावीकडे, डावीकडे, शेवया आहेत, सोडा, आता रवा, पाक, पाक, एकतारी, समोसा करा! ज्या नावांना आम्ही सगळे तीन वर्षं हसत होतो, त्यांच्यावर तो माणूस त्या उतारावरून येत होता. इंग्रजीत मला एवढ्या भरभर सांगताच आलं नसतं. पाक म्हटलं की त्यांचे गुडघे आपोआप वाकत, रवा म्हटलं की खांदे सैल पडत. त्या वर्षी ते एकदाही पडले नाहीत. मी चारदा पडले.

मार्चच्या शेवटाला, साबुदाणा अगदी मोकळा होता त्या सकाळी, तीन फेऱ्या झाल्यावर ते बाकावर बसले आणि बुटांचे चाप उघडू लागले. मी म्हटलं, अजून अकराही वाजले नाहीत. ते म्हणाले, "बाहेरचं पांढरं आणि डोळ्यातलं पांढरं, दोन्ही एक होऊन राहिले. आता मला भीती वाटते. भीती घेऊन पहाडावर येऊ नये. आज चांगला साबुदाणा आहे, आज थांबतो." मी त्यांना आग्रह केला नाही. बूट गाडीपर्यंत मी उचलून आणले. केवढे जड असतात ते.

आता मी इथल्याच एका क्लिनिकमध्ये काम करते, लोकांचे गुडघे बघते. त्यातले बरेच गुडघे पहाडावरूनच येतात. शनिवारी सकाळी मी एकटी जाते, लाल जॅकेट घालून. खरं तर आता ते कुणाला दिसायची गरज नाही. आतोबांमुळे मी या देशात राहिले, हे मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की त्यांनी काय केलं, रवा तर मीच घेऊन आले होते.

साडेनऊला फोन वाजतो. ते विचारतात, आज काय आहे? मी सांगते. मग ते म्हणतात, घेऊन ये. मी स्टीलचा डबा भरून घेते, झाकण घट्ट लावते आणि हीटर बंद ठेवून गाडी चालवते. तरी त्यांच्या घरी पोचेपर्यंत कडेनं थोडं पाणी सुटलेलं असतंच. आतोबा माकडटोपी घालून खुर्चीत तयार बसलेले असतात. डब्यात बोटं घालतात, चोळतात आणि जिभेवर ठेवतात.

"इथे आला तेव्हा रवा आहे," ते म्हणतात. "तिथून निघाला तेव्हा पिठीसाखर असेल."

मी हो म्हणते. आत्या डबा नेऊन सिंकमध्ये ठेवते आणि उपमा वाढते.