मूठ ठेवली तर ती उसण न्हवं

मी पायाळू. आईच्या पोटातनं आधी पाय भाईर आले. आशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाती, आसं आमच्याकडं मानत्यात. लगीन होऊन दिघीला आले तवापासनं कुणी ना कुणी दारात ओणवं उभं. मी तीनदा टाच लावायची, त्यो "आगं आय गं" करत सरळ व्हायचा न निघून जायचा.

त्या टायमाला पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना बांधत हुते. आमी नवराबायकू तिथं घमेली वाहायचो. एक दिस माझे मालक परांचीच्या फळ्या चढता चढता मधीच थांबले, पटका नीट केल्यावानी करत बसले.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. छातीत उसण भरलीया."

घरी सासूबाईंनी त्यांना ओणवं केलं. पन नवऱ्याला पाय कसा लावायचा? म्हणून पाठीवर धुतलेलं धोतर टाकलं. मी टाच लावली न लगीच त्यांच्या पाया पडले. गुण न्हाई. दुसऱ्या दिशी पुन्हा तेच.

सासूबाई म्हणाल्या, "गावाला गुण येतो न घरच्याला न्हाई? भितीस व्हय? जोरात हाण की!"

मालक ओणव्यानंच म्हणाले, "आये, नको शिकवू. सवय लागंल तिला."

आठ दिस टाचा लावल्या. मग माझ्या डोक्यात किडा वळवळाया लागला. उसणीचा माणूस बोटानं जागा दावतो, हितं दाब म्हणतो. हे छातीवर सगळी मूठच ठेवायचे. उसण श्वास घेतला की टोचती. ह्यांचं चढताना यायचं, डाव्या करंगळीपातुर उतरायचं, न जरा बसले की जायचं. मी फळ्या मोजाया लागले. रिकाम्या हातानं सातव्या फळीला. भरल्या घमेल्यानं तिसऱ्या. भाकरी खाऊन चढले तर दुसऱ्याच. रोज तसंच. उसणीला कुठं आशी शिस्त आसती?

"आवं, ही उसण न्हवं."

"मग काय हाय?"

"ते मला कुठं ठावं? पन माझ्या पायाचं काम न्हवं हे."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डागदरांनी निजवून छातीला, हातापायांना तारा लावल्या. यंत्रातनं कागदाची पट्टी आली, वर उंदराच्या दातागत रेघा. डागदर म्हणाले, "पट्टी तर चांगली आहे." मालक लगीच सदरा चढवाया लागले.

मी दारात उभी. बोलायचं न्हवतं, पन तोंडातनं गेलं, "निजल्यावर त्यांना कवा दुखतंय? चढताना दुखतंय."

डागदर वळले. "आणखी काय बघितलंत बाई?"

मी फळ्या सांगितल्या, मूठ सांगितली, करंगळी सांगितली. त्यांनी दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा आणवला न मालकांना चढ-उतर कराया लावलं. मूठ छातीवर गेली तशी पुन्हा निजवून तारा लावल्या. ह्या खेपेला रेघा खाली बसल्या हुत्या. मलाबी दिसलं.

"आसतं तरी काय हे?" मी इचारलं.

"काळजालाही रक्त लागतं. ते नेणाऱ्या नळ्या ह्यांच्या आतून अरुंद झाल्यात. बसल्यावर पुरतं, कष्ट केले की कमी पडतं."

"म्हंजे गाळानं भरलेला पाट. चार वाफे भिजत्यात, उसाला पाणी पुरत न्हाई."

"तेच," डागदर म्हणाले.

घमेलं बंद, विडी बंद. जिभंखाली ठेवायची बारकी गोळी मिळाली. मालक कारखान्याच्या दारावर राखणीला बसले. नऊ वरसं निघाली. मग गेले, बसल्याजागीच.

उसणीला लोक आजून येत्यात. मी आधी म्हणती, "कुठं दुखतं, दाव." बोट टेकवलं तर ओणवं करती. मूठ ठेवली तर माझा पाय उचलत न्हाई. "दवाखान्यात जा बाबा, आजच जा." मागं एक जण "म्हातारी लई आखडती" म्हणत रागानं गेला. सांजच्याला मी त्याच्या घरी जाऊन आले. गेलता दवाखान्यात.