तीन बोटं

आंधळगावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणणारे बरेच होते, पण हेमराजच्या मागाचा एकसारखा खटखटाट गल्लीत वेगळा ओळखू यायचा. बोलणं कमी, हात सतत चालू, आणि डाव्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला हा खर्रा त्याला विसाव्या वर्षी लागला. चव्वेचाळिसाव्या वर्षी दिवसाला सहा पुड्या होत होत्या. बायको दामिनी मागाशेजारी बसून चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या. घरात तिसरी त्याची म्हातारी आई, राधाबाई.

२०१६ च्या हिवाळ्यात गावच्या शाळेत दातांचं शिबिर भरलं. आईला कवळी मिळते का ते बघायला हेमराज तिला घेऊन गेला. तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिनं राधाबाईंचं तोंड पाहिलं आणि मग तिची नजर हेमराजच्या लाल-काळ्या दातांवर गेली.

"काका, तुम्हीपण दाखवा."

"मले काई दुखत नाई, मॅडम. मायचंच पाहा."

"दुखत नसू द्या. तीन बोटं एकावर एक, अशी उभी धरा आणि तोंडात घाला."

राधाबाईंना वाटलं, आपल्यालाच सांगितलं. त्यांनी बोळक्या तोंडात तिन्ही बोटं सहज घातली. रांगेतली माणसं हसली. हेमराजही हसत हसत बोटं तोंडाशी घेऊन गेला. पहिलं बोट आत गेलं. दुसरं अर्ध्यात अडकलं. त्यानं जोर लावला, तरी जबडा हलेना.

"आणखी उघडा."

"उघडलंच हाय ना."

हसणं थांबलं. डॉक्टरनं बॅटरी लावून आत पाहिलं, गाल चिमटीत धरून पाहिला. "तिखट खाल्लं की आग होते?"

घरची भाजी गेली दोन-तीन वर्षं मिळमिळीतच असायची. सून मिरचीला काहून भेते, म्हणून राधाबाई कुरकुरायच्या. हेमराजला मात्र ती भाजी बरी वाटायची. असं का, हा विचार त्यानं कधी केला नव्हता.

"गालाची आतली कातडी आखडली आहे," डॉक्टर म्हणाली. "खर्रा सुरू राहिला तर पुढे घासही जाणार नाही. आणि अशा तोंडात कॅन्सरची भीती फार असते. भंडाऱ्याला येऊन नीट दाखवा."

तो आईला घेऊन तडक घरी आला. कांड्या भरत बसलेल्या दामिनीला त्यानं सगळं सांगितलं, बोटं घालून दाखवली. ती मान वर करीना.

"तू घाल पाहू."

"मले काय झालं?"

"घाल ना वो."

दामिनीनं बोटं उचलली. दोन गेली. तिसरं दातावर आपटून बाहेर राहिलं.

दामिनीनं चरखा थांबवला, कांड्यांच्या टोपलीत सुताखाली हात घातला आणि एक पुडी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"अकरा वर्षं झाले. माही दाढ ठणकून राहिली होती, तवा तुमीच देल्ला होता. गालात ठेव म्हणाले, ठणका जाते."

त्याला आठवलं. आपल्या पुडीतला अर्धा खर्रा त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या तळहातावर ठेवला होता. अकरा वर्षं ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मिरची कोणामुळे कमी झाली, तेही त्याला आता कळलं. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, पण संध्याकाळपर्यंत एक धागा विणला नाही.

त्याच दिवशी दोघांनी खर्रा सोडला. डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, धागे तुटायचे. नवव्या दिवशी हेमराज बाजाराला निघाला. त्याला पाहताच पानठेलेवाल्या कवडूनं न विचारता पन्नी घोटायला घेतली. हेमराज नुसता उभा राहिला. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. पुडी हातात आली. देवळामागं जाऊन त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी खिशात ठेवली.

मागावर बसला तर हात झरझर चालू लागले. शेजारी चरखा थांबला. वास लपणारा नव्हताच. आता ही भांडणार, म्हणून तो मान खाली घालून विणत राहिला. दामिनीनं नुसता तळहात पुढे केला.

"मले बी द्या."

"पागल झाली का?"

"तुमी खाल त मी बी खाईन. माहं तोंड तुमच्यापेक्षा जास्त उघडते. मले अजून टाइम हाय."

ती चिडलेली नव्हती. हातही हलत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो उठला, बाहेर थुंकला, पुन्हा पुन्हा चुळा भरल्या आणि खिशातली पुडी नालीत फेकली. त्यानंतर तो बाजाराला कवडूचा ठेला टाळून तलावाच्या पाळीवरून, लांबच्या वाटेनं जाऊ लागला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दामिनीच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा सापडला. तुकडा काढून तपासायला पाठवला; निकाल दहा दिवसांनी येणार होता. ते दहा दिवस माग चालला, पण त्या साडीत इतक्या चुका निघाल्या की हेमराजनं ती व्यापाऱ्याला दाखवलीच नाही. चट्टा कॅन्सरचा नव्हता. दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं. तोंड मोकळं व्हायला आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. रोज सकाळी नवरा-बायको ओसरीवर तोंडात काड्या धरून गप्प बसायचे.

"दोघं बी बगळ्यावानी दिसता," राधाबाई म्हणायच्या.

दीड वर्षानं दामिनीच्या तोंडात तीन बोटं गेली. हेमराजचं तोंड दोन बोटांवर थांबलं. डॉक्टर म्हणाली, "काका, आता याहून जास्त उघडणार नाही. पण आखडणं वाढलं नाही, ते खर्रा सोडल्यामुळेच."

त्याला पुढचं ऐकूच आलं नाही. सोडलं की सगळं पहिल्यासारखं होईल, असंच तो धरून चालला होता. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "मंग मी कायले एवढं सोसलं?"

दामिनी म्हणाली, "तुमी नाई सोडलं असतं त मी सोडलं असतं का?"



आता बरीच वर्षं झाली. दुपारी चारच्या सुमाराला हेमराजला अजूनही डावा गाल रिकामा वाटतो. तेव्हा तो मागावरून उठतो, अंगणात जाऊन गार पाण्यानं चूळ भरतो आणि परत येऊन बसतो.