येडशीला ओरडायला गेलो होतो

येडशीला लोक रामलिंगाच्या दर्शनाला जातात. मी ओरडायला निघालो होतो. आमचे सर मुंबईत एका जपानी इंजिनिअरकडून तलवार शिकले होते आणि बदली होऊन उस्मानाबादला आल्यावर शाळेच्या मैदानावर आम्हाला शिकवत. कियाई (वार करताना बेंबीच्या देठापासून मारायची आरोळी) जमल्याशिवाय बोक्केनला (लाकडी तलवारीला) हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. बाकी सगळ्यांना बोक्केन मिळाली, मी राहिलो. मी दूध संघातला कारकून; दुष्काळात लोकांची बोलणी गुपचूप ऐकून घेण्यात जन्म चाललेला. माझी आरोळी ऐकून सर म्हणाले, "कोण शिंकलं? सोमवारपर्यंत जमलं नाही, तर तुम्ही आपलं बॅडमिंटन खेळा."

खोलीत ओरडावं तर भिंतीपलीकडं घरमालक. म्हणून रविवारी येडशीची एसटी धरली. तलवारीऐवजी छत्री घेतली, तिथंच चुकलं. अख्खी बस आशेनं बघायला लागली.

"सायेब, रेडिओवर काय सांगितलंय व्हय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही हो, सहज आणली."

"असल्या सालात सहज कोन छत्री आनतंय?"

कंडक्टरनंसुद्धा वाकून आभाळ बघितलं. सगळ्यांचा हिरमोड करून मी खाली उतरलो.

रामलिंगाचा ओढा ठणठणीत कोरडा होता. एका झाडाआड छत्री उगारली, तोंड उघडलं, तेवढ्यात दर्शनाला आलेल्या दोन बायका दिसल्या. तोंड मिटलं. पुढं गेलो, तर माकडं ओळीनं बसून माझ्याकडं बघत होती. खोटं कशाला सांगू, मला माकडांचीही लाज वाटली!

रानाच्या कडेला विहिरीच्या पाण्यावर कशीबशी जगवलेली पेरूची बाग होती. राखणीला एक चाचा होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसलेला.

"आता माकडं बी डरत न्हाईत, बाबू," ते कुजबुजले. "पानी आमी घागरीनं घालायचं, अन् पेरू यांनी खायचे."

तरी त्यांनी एक पेरू फोडून, तिखटमीठ लावून माझ्या हातावर ठेवला. अर्धा खाल्ला. काय गोडी होती! उरलेला अर्धा एका हुप्प्यानं हातातून हिसकावला आणि सगळी टोळी बागेत घुसली. चाचांनी तोंड उघडलं. नुसता वारा आला. त्यांचे डोळे भरून आले.

"हाऽऽऽड! ठेव खाली! हाऽऽऽड!"

कोण ओरडतंय म्हणून मीच दचकलो. छत्री उगारून मी धावत होतो अन् माकडं जीव घेऊन पळत होती. देवळातून माणसं धावत आली.

"या अल्ला!" चाचा म्हणाले. "एवढा आवाज पोटात ठेवून करत काय होतास?"

मग काय, संध्याकाळपर्यंत मीच बाग राखली. छत्रीच्या काड्या मोडल्या, पण मजा आली.

सोमवारी सरांनी फर्मावलं, "हं, मारा आरोळी!" मी तोंड उघडलं. नुसता वारा! माझाही घसा बसला होता. सर हळहळले. "बॅडमिंटनच बरं तुम्हाला." तो अर्धा पेरू आठवला, डोकं सणकलं आणि मी मोडकी छत्री अशी उगारली की सर चटकन मागं सरकले. मग त्यांनी बोक्केन माझ्या हातात दिली.

इतकी वर्षं मला ओरडावंसं वाटेल असं माझं काही कुणी हिसकावलंच नव्हतं, की हिसकावलेलं मला कळत नव्हतं, कोण जाणे. पुढच्या रविवारी बोक्केन घेऊन पुन्हा येडशीला गेलो. चाचांनी ती उलटसुलट करून पाहिली, पेरूच्या झाडाला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "चांगली हाय. आता घसा दाखव."