कुसुमचा डबा

जेवण झाल्यावर मेधाताई ऑफिसच्या बेसिनपाशी डबा घासत होत्या. झाकणावर नाव घातलेलं आहे, सौ. कुसुम. ही त्यांची आत्या. ती जाऊन बरीच वर्षं झाली, आमच्यापैकी कुणी तिला पाहिलेलंही नाही. तरी डबा टेबलावर विसरला की आम्ही ओरडतो, "मेधाताई, कुसुम राहिली!"

सकाळपासून मी एका वाचनालयाचा जुना प्रोग्रॅम संगणकाच्या नव्या भाषेत आणत होते. खरं काम एक सॉफ्टवेअरच करतं. त्याने प्रोग्रॅममधल्या याद्यांना, आकड्यांना दिलेली जुनी सगळी नावं पुसून अ१, अ२ अशी बसवली होती, आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चालत होता. प्रोग्रॅम यंत्राला कळेलसा करून देणाऱ्या कंपायलरला नावाचं कौतुक नसतंच. तो प्रत्येक नावापुढे त्याची संगणकातली जागा मांडून एक तक्ता करतो. काम संपलं की नाव जातं, जागा तेवढी उरते. डब्यातल्या आमटीला तरी झाकणावर कोण आहे याचं काय?

"चालतंय, तर राहू दे ना तसंच," मी मेधाताईंना हे सगळं सांगून म्हणाले.

त्या डबा पुसत म्हणाल्या, "आणि तुझ्यानंतर जो उघडेल, त्याने काय समजायचं गं?"

जागेवर येऊन मी मूळ प्रोग्रॅममध्ये अ७च्या जागी आधी काय होतं ते शोधलं. बाहेर गेलेलं पुस्तक मागणाऱ्यांची ती रांग होती. कुणा अनोळखी माणसाने इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच तिला नाव दिलं होतं, 'वाट पाहणारे'.

मी ते परत बसवलं. प्रोग्रॅम पहिल्यासारखाच चालला. मला मात्र आता रांगेत माणसं दिसत होती.