डॉलर बांधायला सांगलीला

कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा डॉलर शुक्रवारी जिथं थांबला होता तिथंच होता. खेड शिवापूरलाही तिथंच. खंबाटकीचा चढ लागल्यावर मी पुन्हा फोन उघडला, तेव्हा गाडी चालवणारे आमचे हे म्हणाले, "अगं, बाजार नऊला उघडतो. तो बिचारा अजून दात घासत असेल." मी फोन पर्समध्ये ठेवला आणि दोन वळणांनंतर पुन्हा काढला.

मी पन्नाशी उलटलेली बाई. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. डॉलर हे अमेरिकेचं चलन, यापलीकडे त्याच्याशी माझं कधी बोलणं नव्हतं. पण सांगलीजवळ माधवनगरच्या आमच्या हळदीच्या पेढीत वडिलांनी धाकट्या भावाबरोबर, महावीरबरोबर, माझंही नाव घालून ठेवलंय. भागीदार म्हणजे वर्षाला एक सही आणि दिवाळीला हळदीचा एक डबा. एवढ्या कष्टावर मी इतकी वर्षं उद्योजक होते.

यंदा महावीरनं दोन कंटेनर हळद पूड परदेशी पाठवली. भाव ठरला डॉलरमध्ये, पैसे येणार तीन महिन्यांनी. हळद मात्र रुपयांत घेतलेली. म्हणजे मधल्या तीन महिन्यांत डॉलर रुपयाभर जरी घसरला, तरी हळद तेवढीच आणि हातात येणारे रुपये कमी. नफा आधीच इतका पातळ, की वर्षभराचं दळण फुकट गेलं असतं. बँकेनं सुचवलं की तीन महिन्यांनंतरचा भाव आजच ठरवून बांधून टाका. याला फॉरवर्ड म्हणतात. पहिलीच वेळ, म्हणून दोन्ही भागीदारांनी समक्ष येऊन सह्या करायच्या, सोमवारी, दुपारी तीनच्या आत. आणि डॉलर तर आठवडाभर जिना उतरत होता.

गेल्या वर्षी महावीरनं काहीच बांधलं नव्हतं आणि डॉलर नेमका चढला. चार पैसे जास्तीचे मिळाले. तेव्हापासून तो स्वतःला डॉलरचा पुतण्या समजतो.

साताऱ्यात नऊ वाजता पोचलो. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून गावात शिरून कंदी पेढ्यांच्या दुकानासमोर थांबलो. मी काउंटरशी उभी राहून फोन उघडला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. उघडताक्षणी आठ पैशांनी खाली. मालक विचारत होते, किती देऊ? माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ पैसे."

"आठ पैशांत न्हाई बसत, ताई," ते शांतपणे म्हणाले. "अर्धा किलो देऊ?"

अर्धा किलो घेतले. पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रांगत कराडजवळचं मलकापूर गाठलं आणि तिथल्या गर्दीत अडकलो. बँकेनं पाठवलेला कागद वाचावा म्हणून पर्स उघडली, तर चष्मा पेढ्यांच्या काउंटरवर राहिलेला. परत फिरायला वेळ नव्हता. मी फोन लांब धरून आकडे बघायला लागले. तरी ते धूसरच दिसत होते, तेव्हा हे म्हणाले, हात थोडा आणखी लांब असता तर दिसलं असतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की माणसं अशी बोलतात.

ताकारीच्या बाजूनं कुंडलला वळलो. तिथल्या सुभेदारांकडून महावीरला हळदीचा नमुना हवा होता. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आता हळद आणि ऊस करतात. पेढीनं यंदाची निम्मी हळद त्यांचीच घेतली होती. शेतात हळद शिजत होती. लोखंडी पिंपांतून वाफ उसळत होती आणि तो ओला, मातकट वास कपड्यांत शिरत होता. शिजलेली हळकुंडं वाळायला पसरलेली. त्यांच्यामधून चालताना माझ्या पांढऱ्या चपला पिवळ्या झाल्या आणि पुढं आठवडाभर तशाच राहिल्या.

आम्ही जैन, हे ठाऊक असल्यानं सुभेदारांच्या पत्नीनं भाकरी, दही आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी वाढली. घाई आहे, घाई आहे, असं म्हणत मी दीड भाकरी खाल्ली.

जेवताना सुभेदारांनी सहज सांगितलं, की हळदीचे निम्मे पैसे मिळालेत, निम्मे डॉलर आल्यावर मिळायचेत. त्यावर त्यांनी साऱ्या रानाला ठिबकच्या नळ्या सांगून ठेवल्या होत्या. कागद काही केलेला नव्हता. "महावीरशेटचा शब्द हाय," ते म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडत, "आवं ताई, त्यो डॉलर खाली येतुया म्हणत्यात. मग माजं पैसं कमी हुणार का?"

मी ठामपणे म्हटलं, नाही होणार.

"मग कुनाचं कमी हुणार?"

विचारण्यात खोच अजिबात नव्हती. फौजेत पाणी कुठून येतं नि कुठं जातं, हे बघायची सवय लागलेली असते, तसं विचारलं. माझ्या तोंडात भाकरी होती, हे बरं झालं.

सांगलीच्या मार्केट यार्डात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आत हळदीचा सौदा (उघड लिलाव) चालू होता. पोती फोडून ढीग लावलेले, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, बोली बोलणाऱ्याचा एका सुरातला आवाज, आणि सगळ्यांच्या बोटांना, कानांना, मोबाइलना पिवळा रंग. महावीर घोळक्यातून बाहेर आला. "अक्का, आलीस? दाजी, पेढं आणलासा का?" एवढं बोलून त्यानं फोन बघितला. मीही बघितला. आमच्या घरात आता नमस्काराची हीच पद्धत.

समोर कर्नाटकाकडच्या एका शेतकऱ्याच्या ढिगाची बोली संपली होती. त्यानं आकडा ऐकला, नुसती मान हलवली आणि पोती शिवायला घेतली. भाव पटला नाही तर मालकानं नाही म्हणायचं आणि माल घेऊन जायचं, ही इथली जुनी रीत. कुणी रागावत नाही.

"बघितलंस?" महावीर म्हणाला. "बँकेचं बी असंच हाय. आज भाव बोलून ठेवायचा. तीन महिन्यानं डॉलर वर असला तर म्हणायचं, न्हाई पटत. खाली असला तर घ्या म्हणायचं. आपलं जातंय काय? तू फकस्त सही कर."

मला हे फारच सोयीचं वाटलं. इतकं सोयीचं काही बँकेकडे असतं का, अशी शंका यायला हवी होती. पण मी भूगोलाची.

बँकेत शिरलो तेव्हा सव्वादोन. टेबलापलीकडच्या मॅडम तरुण होत्या, बोलणं मोजकं. त्यांनी कागद पुढं केला. चष्मा नाही म्हटल्यावर मी त्यांनाच वाचून दाखवायला सांगितलं, आणि त्या एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या. पाचव्या की सहाव्या ओळीला त्या म्हणाल्या, ठरल्या तारखेला पेढीनं एवढे डॉलर याच भावानं बँकेला द्यायचे आहेत. दिले नाहीत तर त्या दिवशीचा फरक भरायचा आहे.

महावीर पुढं सरकला. "म्हंजे न्हाई म्हणायचं न्हाई?"

"नाही म्हणता येतं," मॅडम म्हणाल्या. "पण नाही म्हणायचे पैसे पडतात."

"आन् डॉलर वर गेला तर?"

"तरी हाच भाव. खाली गेला तरीही हाच."

महावीर उभाच राहिला. पिढ्यान् पिढ्या ज्या बाजारात मान हलवून पोती परत नेता येतात, तिथला तो माणूस. मान हलवायची किंमत द्यावी लागते, हे त्याच्या रक्तात बसेना. म्हणाला, असलं बांधून घ्यायचं कशाला, डॉलर चढणारच आहे, गेल्या वर्षी चढला नव्हता का? मॅडमच्या पडद्यावर भाव तीन पैसे खाली गेला, तसा तो बसला. दोन पैसे वर आला, तसा उठला. हे मला हळूच म्हणाले की आता याला पट्ट्यानं बांधा. भिंतीवर दोन पस्तीस झाले होते.

मी म्हटलं, "महावीर, डॉलर खाली आला तर सुभेदारांचे पैसे कमी होणार का?"

"त्यांचं कसं कमी हुईल? शब्द दिलाय."

"मग कुणाचे कमी होणार? त्यांनी मला विचारलंय. आणि उद्या मी कुंडलवरूनच परत जाणार आहे. काय सांगू?"

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. नंतर म्हणाला, "नळ्या सांगितल्या का त्यांनी?"

"साऱ्या रानाला."

तो खुर्चीत बसला. मग मला जे सुचलं ते मी बोलले. शेतकऱ्यांचे, हमालांचे आणि बँकेचे म्हणून जेवढे रुपये लागतील, तेवढ्यांपुरते डॉलर आज बांध. दुसऱ्याच्या पैशांवर तुझा अंदाज नको. उरलेले आपल्या दोघांचे. त्यांच्यावर तुझी काय खाज असेल ती भागव. मॅडम पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या की सगळी रक्कम बांधलीच पाहिजे असं नसतंच. हे त्या आधी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण आम्ही त्यांना बोलू कुठं दिलं होतं?

महावीरनं बिलाच्या पाठीमागं आकडेमोड केली. चारातले तीन भाग बांधायचे ठरले. त्यानं सही केली. मी केली ती चष्म्याविना, भलत्याच रकान्यात. मॅडमनी निमूटपणे नवा कागद छापायला घेतला. तेवढ्या वेळात भाव दोन पैसे आमच्या बाजूनं सरकला.

"अक्का," महावीर पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "अजून एकदा चूक की."

तीनला पाच कमी असताना डॉलर बांधला गेला. माधवनगरला दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. वहिनीनं, म्हणजे महावीरच्या बायकोनं, पुरणपोळी केली होती. महावीर ताटावरही फोन बघत होता. जे बांधलं ते सोडून जे मोकळं ठेवलं, त्याची त्याला आता काळजी लागली होती. वहिनी म्हणाली, एवढं लक्ष माझ्याकडं दिलं असतं तर मीबी चढले असते.

दुसऱ्या दिवशी भडंगाच्या चार पुड्या घेऊन निघालो. कुंडलला सुभेदारांना सांगितलं, की तुमच्या पैशांपुरता भाव ठरवून टाकलाय, आता वरखाली काही नाही. त्यांनी "व्हय का, बरं झालं" म्हटलं आणि पिंपाखाली जाळ सारायला गेले. एवढ्यासाठी मी अडीचशे किलोमीटर आले होते. साताऱ्यात पेढेवाले माझाच चष्मा लावून पेपर वाचत बसले होते. नंबर बरोबर हाय, म्हणाले, आणि नाइलाजानं काढून दिला.

चष्मा मिळाल्याबरोबर मी फोन बघितला. डॉलर बारा पैशांनी वर. शिरवळपर्यंत मी फोन चार वेळा उघडला. मी मनात हिशेब करत होते, बांधलं नसतं तर किती मिळाले असते. बांधलेल्याचं काहीही वाईट झालेलं नव्हतं. सुभेदारांच्या नळ्या, हमालांची मजुरी, बँकेचे हप्ते, सगळं जागच्या जागी होतं. तरी न मिळालेले पैसे हरवल्यासारखे वाटत होते. भाव बांधता येतो. जीव तसाच घाट चढत-उतरत राहतो. त्यासाठीचा कागद त्या बँकेत नव्हता.

जूनमध्ये पैसे आले. त्याच दुपारी सुभेदारांचे पैसे पोचते झाले. संध्याकाळी महावीरचा फोन आला. नळ्या अंथरून झाल्या, पाऊस यंदा उशिरा दिसतोय, आंबे पाठवू का, असं पुष्कळ बोललो. त्या दिवशी बाजारात डॉलर कितीला होता, हे त्यानं मला विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. दोघांनाही तो पैशापर्यंत पाठ होता.