पायगुणाचं गिऱ्हाईक

सत्तरच्या दशकात सोलापुरात जेवढ्या म्हणून फटफट्या विकल्या गेल्या, त्या सगळ्या आमच्या थोरल्या साडूंनी विकल्या असं मी म्हणालो, तर मेकॅनिक चौकातला एकही जुना माणूस मला खोटं पाडणार नाही. गंमत एवढीच, की साडूंचं दुकान नव्हतं, ते दलालीही करत नसत आणि त्यांच्याकडे स्वतःची फटफटीसुद्धा नव्हती. ते गिऱ्हाईक होते. नुसतं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ते फटफटी घ्यायला म्हणून घरातून निघायचे आणि जेवणाच्या वेळेला पायीच परत यायचे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि बहिणीला अक्का. अण्णा एका चादरींच्या पेढीवर माल पारखायला होते. मागावरून आलेली चादर चिमटीत धरायची, डोळे मिटायचे आणि पोत सांगायचं, हे त्यांचं काम. ती चिमूट त्यांच्या बोटांना अशी जडली होती की लग्नात नवरदेवाला भेटायला गेले तरी हात मिळवायच्या ऐवजी त्याच्या कोटाची बाही चाचपायचे आणि मुलीच्या बापाला हळूच सांगायचे, "स्थळ बरं हाय, पण कोट धुतल्यावर आटणार." फटफटीही ते अशीच बघत. इंजिनातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. त्यांची सगळी परीक्षा सीटच्या कव्हरवर. माझी बदली वैरागला झाली, तेव्हा माझ्यासाठी फटफटी त्यांनीच पसंत केली. पुढं त्या गाडीचं काय बिघडलं नाही ते विचारा. चेन तुटली, किक तुटली, सायलेन्सर बार्शी रस्त्यावर कुठंतरी पडला तो सापडलाच नाही. सीट मात्र शेवटपर्यंत जशीच्या तशी. अण्णा आले की त्या सीटवरून हात फिरवत मला म्हणायचे, "बघा पावणं, म्हटलं नव्हतं?"

त्या वेळी नवी गाडी हवी तर नाव नोंदवून नंबर लागायची वाट बघत बसावं लागे. तोवर पोरं मोठी होत. म्हणून जुन्या गाड्यांचा बाजार जोरात. त्यातही गोल टाकीच्या, टाकीवर सोनेरी रेघ ओढलेल्या, आरशासारख्या लखलखीत हँडलच्या लहान फटफट्यांवर लोकांचा भारी जीव. अण्णांचा तर विचारूच नका. गाडी नव्हती, पण गाडीला लागणारं बाकी सगळं त्यांनी घेऊन ठेवलं होतं. डोळ्यांना काळा चष्मा, हातमोजे, पावसाळी कोट, आरसा पुसायला पिवळं फडकं. चष्मा खिशात आणि कपाळावर विभूतीचे पट्टे, अशा थाटात ते दुकानात शिरत. गाडीवर बसायच्या आधी चपला काढत. "वाहन म्हंजे नंदी," ते म्हणायचे, "नंदीवर महादेव चपला घालून बसतो व्हय?" एकदा सात रस्ता चौकातल्या नव्या गाड्यांच्या दुकानाबाहेर त्यांनी अशाच चपला काढून ठेवल्या. ते बघून मागून आलेल्यानं काढल्या, त्याच्या मागच्यानंही काढल्या. बघता बघता दारात चपलांची रांग लागली, आणि आत कसली तरी पूजा आहे असं समजून दोन म्हाताऱ्या प्रसादाला येऊन बसल्या. दुकानाच्या शेटनी शेवटी पेढे मागवले. त्या दिवशी शेटच्या दोन गाड्यांची नोंद झाली.

पण अण्णांची खरी ख्याती झाली ती गफूरभाईंच्या दुकानात. गफूरभाई मेकॅनिक चौकातले जुन्या गाड्यांचे व्यापारी. माणूस दिलदार, पण धंदा बेताचा. त्यांच्याकडे अण्णा गाडीवर बसले की हँडल धरायचे, डोळे मिटायचे आणि तोंडानं इंजिन चालू करायचे. पहिला गिअर, दुसरा गिअर, चढण आली की दम लागल्यासारखा खालचा सूर, मध्येच एखादी म्हैस आडवी आल्यावर मारलेला ब्रेक, सगळं तोंडानं. एका संध्याकाळी मोडनिंबचा एक शेतकरी दारात उभा राहून हे ऐकत होता. अण्णांची पाठ दाराकडं. शेतकऱ्यानं गाडीच्या मागं वाकून बघितलं आणि गफूरभाईंना म्हणाला, "एवढी पळतीया, पण धूर न्हाय की!" अण्णा दचकून खाली उतरले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणाले, "दादा, ते मी तोंडानं करत होतो." शेतकऱ्यानं क्षणभर विचार केला. "असू दे की. गाडीचा आवाज असाच हाय न्हवं?" आणि त्यानं ती गाडी घेतली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले आणि पाठोपाठ कुर्डुवाडीचा एक रेल्वेतला माणूस आला, त्यानं घेतली. तिसऱ्या दिवशी अण्णा पेढीवर अडकले, तर दुकानात माशीसुद्धा आली नाही. झालं! गफूरभाईंनी ओळखलं की हा पायगुण आहे. ही बातमी चौकात पसरायला कितीसा वेळ लागणार? ज्याच्या उंबऱ्यावर अण्णांचं पाऊल पडेल त्याची भवानी होणार, हे सोलापुरात ठरूनच गेलं. आपल्याकडं नव्या सुनेचा पायगुण बघतात, घोड्याचा बघतात. पण गिऱ्हाइकाचा पायगुण बघणारं आमचं एकच गाव असेल. अण्णांना प्रत्येक दुकानात खास खुर्ची आली, चहा आला, चहाबरोबर खारी आली. गफूरभाई आणि सात रस्त्याचे शेट यांच्यात तर अण्णांवरून असं वाजलं की दोघं एकमेकांचं तोंड बघेनात. एका दसऱ्याला शेटनी अण्णांना आणायला फुलांनी सजवलेला टांगा पाठवला. अण्णा त्यात चढणार, तोच गफूरभाई धावत आले आणि टांग्याला आडवे झाले. "अण्णा, टांग्यापो नक्को! पायगुण चलके आताय!" शेटच्या माणसालाही हे पटलं. टांगा रिकामा पुढं गेला आणि अण्णा हार गळ्यात घालून मागून चालत निघाले.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हौस होती तर हा माणूस गाडी घेत का नव्हता? तेच तर सांगतोय. त्यांना गाडी खरोखर घ्यायची होती, आणि ती हौसेसाठी नव्हे. आमची सासुरवाडी अक्कलकोटच्या पलीकडं. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून मुरमाच्या वाटेनं दोन कोस पायी जायचं. लग्न झाल्या झाल्या अण्णा सासूबाईंना बोलून बसले होते, "पुढच्या पंचमीला तुमच्या लेकीला फटफटीवर बसवून आणतो." सासूबाईंनी तो शब्द गाठीशी बांधला. त्या सगळं कानडीतच बोलायच्या आणि पुढं पुढं त्यांना डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं. दर नागपंचमीला अण्णा आणि अक्का फाट्यावरून चालत यायचे. मी मात्र बायकोला घेऊन फटफटीवर थेट दारात जायचो. आवाज ऐकला की सासूबाई भिंतीला धरून उठायच्या आणि उजळलेल्या चेहऱ्यानं विचारायच्या, "हिरे अळिया बंदरेन?" म्हणजे, थोरले जावई आले का? मी धाकटा आहे हे कळल्यावर "बर्री, बर्री" म्हणून स्वागत व्हायचं, नाही असं नाही, पण चेहरा उतरायचा तो उतरायचाच. एवढी गाडी घेऊन माझी किंमत काय, तर शून्य! सुरुवातीला मला राग यायचा. मग वाईट वाटू लागलं, आणि तेही अण्णांसाठी. मागून ते लाल चिखलानं भरलेल्या पायांनी दारात यायचे, सासूबाई चुलीवर तापवलेलं पाणी त्यांच्या पायावर घालायच्या, आणि अण्णा मान खाली घालून म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की."

पैसे केव्हाच जमले होते. एका आषाढात गफूरभाईंकडं हवी तशी गाडी आली. काळी, गोल टाकीची, सोनेरी रेघेची. अण्णांनी सीट चिमटीत धरली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हीच," ते म्हणाले. गफूरभाई म्हणाले, कागद यायचे आहेत. आठवड्यानं म्हणाले, मालक गावाला गेलाय. अण्णा सात रस्त्याला गेले, तर शेट म्हणाले, नंबर लागायचाय. बाकीचे व्यापारी हे पाहा, ते पाहा करून चहाच पाजत राहिले. पंचमी जवळ आली. शेवटी मी वैतागून गफूरभाईंना गाठलं आणि खरं काय ते विचारलं. ते म्हणाले, "क्या बोलू साब? उनो गाडीपो आए तो पायगुण किधर रहता? पाय तो फूटरेस्टपो! जमीनकू लगतेच नै. हम सब मरे फिर." एकमेकांचं तोंड न बघणारे गफूरभाई आणि शेट या एका गोष्टीवर एक झाले होते. अण्णांना कुणी गाडी विकायची नाही.

मी तणतणत अण्णांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चौकात जाऊन ते एकेकाला सोलून काढतील. अण्णांनी पंच्याचं टोक चिमटीत चोळलं. मग म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

"काय बरोबर हाय?" मी ओरडलो.

"पावणं, ज्याच्या पायाला गुण हाय, त्यानं लोकांच्या पोटावर पाय द्यावा व्हय?" एवढं बोलून ते हसले. मग हसू मावळलं. "पण सासूबाईंना काय सांगू? म्हातारीनं लई वाट बघितली हो."

हे वाक्य मी जसंच्या तसं गफूरभाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. पंचमीच्या आदल्या सकाळी काळी फटफटी पुसून, हँडलला मोगऱ्याचा गजरा बांधून अण्णांच्या दारात उभी होती. टाकी शेटनी भरून दिली होती. अट एकच. परत आणताना गाडी कोपऱ्यावर ठेवायची आणि दुकानात चालत यायचं.

तो दिवसभर मी अण्णांना ती खरोखर चालवायला शिकवली, आणि त्या पंचमीला ते सासुरवाडीला फटफटीवर गेले. काळा चष्मा, हातमोजे, पाय अनवाणी आणि चपला हँडलला लटकवलेल्या. मागं अक्का इरकलीचा पदर दातांत धरून. आम्ही आधीच पोचून दारात उभे होतो. आवाज आला, सासूबाई उठल्या, "हिरे अळिया बंदरेन?" आणि या वेळी मी मोठ्यानं म्हणालो, "हौद्री! आले!" अशी खुशी मी परत बघितली नाही. म्हातारीनं गाडीवरून हात फिरवला. टाकी, दिवा, सीट. भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग पाय धुवायला म्हणून तांब्या घेतला आणि थबकली. कानडीत काहीतरी पुटपुटली. अक्काला एकदम हुंदका आला. मी बायकोला विचारलं, आई काय म्हणाली?

बायकोनं सांगितलं. दरसाल वाटेतल्या ओढ्यापलीकडून या दोघांच्या बोलण्या-हसण्याचा आवाज यायचा. तो कानावर आला की आई चुलीवर पाणी ठेवायची, आणि ते तापेपर्यंत लेक दारात. "आज आवाज आला आणि तुम्ही आलात. माझं पाणी गारच राहिलं," असं म्हणाली. अक्का डोळे पुसत म्हणाली, "माझं बी तसंच की. वर्षभर हे पेढीवर न्हायतर गफूरभाईकडं. तेवढे दोन कोस हे माझ्या एकटीचे असतात. आज मी सगळ्या वाटंनं बोलले, ह्यांना वाऱ्यात एक अक्षर ऐकू आलं न्हाय."

अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. परत गेल्यावर त्यांनी गाडी कोपऱ्यावर लावली, चालत दुकानात शिरले, आणि त्या संध्याकाळीच ती विकली गेली. पुढं त्यांनी फटफटी घेतली नाही. बघायला मात्र रोज गेले. दर पंचमीला फाट्यावर उतरून दोघं चालत आले.

अण्णा गेले त्या वर्षी पंचमीला माझी बायको मुलांना घेऊन पुढं गेली होती आणि अक्काला मी फटफटीवर घेऊन निघालो. फाट्यावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवा. हितनं मी चालत येते." मी गाडी बंद केली आणि ढकलत तिच्या बाजूनं चालू लागलो. ओढा जवळ आला. पलीकडं म्हातारी कान लावून बसली असणार, आणि इथं तर दोघांच्या तोंडाला कुलूप. मला अण्णांची फार आठवण झाली. काय वाटलं कुणास ठाऊक, मी हँडल घट्ट धरलं, डोळे मिटले आणि तोंडानं इंजिन चालू केलं. पहिला गिअर, दुसरा गिअर, ओढ्याची चढण. जमत काहीच नव्हतं. अक्कानं चमकून बघितलं. मी आडव्या आलेल्या म्हशीसाठी ब्रेक मारला, आणि ती पदर तोंडाशी नेता नेता खळखळून हसली. ते हसू ओढ्यापलीकडं गेलं.

आम्ही दारात पोचलो, तेव्हा पाणी तापलेलं होतं.