बानं मागितलेली माफी

बायकोला सांगितलं नाही. ज्यांच्यासोबत जन्मभर कविता वाचल्या त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका. मलाच कळत नाही.

माझी एक कविता थोडीफार गाजली. बापावरची. तिच्यात बाप पिऊन घरी येतो आणि पोराची पुस्तकं चुलीत घालतो. लोक अजूनही भेटले की म्हणतात, काय सोसलंय तुम्ही! चीड येते. त्यांची? नाही हो –

आमचं गाव केदारखेड्याजवळ. बा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. पण शाळा उघडली की माझ्या आणि धाकट्या शकूच्या पुस्तकांना कव्हरं तोच घालायचा – जुन्या पेपरची, कणकेच्या खळीनं चिकटवलेली. प्यायचा तो एखाद्या लग्नात. प्याला की गुमान झोपायचा.

मग ती कविता कुठून आली? मी औरंगाबादला कॉलेजात होतो, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं साल. सोबतची पोरं बापांवर पेटून लिहायची. त्यांचं खरं होतं, पाठीवर वळ होते त्यांच्या. माझ्याकडं काय होतं? एक गरीब, अबोल माणूस. त्याच्यावर ओळच सुचेना. रागच आला मला त्याचा – भांडण्याइतकंही यानं काही दिलं नाही म्हणून! शेवटी चूल मीच पेटवली. टाळ्या पडल्या. एका छोट्या मासिकात छापूनही आली.

एवढंच असतं तर गप्प बसलो असतो. कवितेत कोण खोटं लिहीत नाही? पण पुढं जे झालं –

गावातल्या मास्तरांनी कौतुकानं ती बाला वाचून दाखवली. मी सुट्टीत घरी गेलो तर बा दारातच उभा. तोंड उतरलेलं.

"मला तं बिलकुल याद न्हाई रे," तो म्हणाला. "पन तू लिव्हलंय, छापून आलंय – म्हंजी झालंच आसंल. प्यालेला आसंल मी. माफ कर लेकरा."

त्यानं हात जोडले. माझ्यापुढं!

आई आतून म्हणाली, "कधी जाळली पुस्तकं? मी कुठं गेल्ते मंग?"

"तू रानात आसशील," उत्तर बानंच दिलं.

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य – बा, हे मी रचलंय. ओठावर आलं होतं. पण मग मी खोटारडा ठरलो असतो, आणि कविता? माझ्याकडं तेवढी एकच बरी कविता होती. मी काय म्हणालो, सांगू?

"जाऊ दे बा. मी कधीच माफ केलंय तुला."

त्यानंतर बानं लग्नातही घोट घेतला नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचा, "न्हाई. माझ्या हातून एकदा लई वाईट झाल्तं." शकू नवी पुस्तकं घेऊन गेली तर हात मागं घ्यायचा – "आईकडं दे." ती रुसायची, तिला काही कळायचं नाही. मला कळायचं. दर सुट्टीत मी हे बघितलं, आणि दर वेळी परत जाऊन तीच कविता वाचली.

काही वर्षांनी बा गेला. पुण्यानुमोदनाला गाव जमलं. मास्तर मला म्हणाले, "तुझी ती कविता म्हण. बापाला माफ करणारा पोरगा लोकांना दिसू दे."

नाही म्हणता आलं नसतं? आलं असतं. मी उभा राहिलो. आवाज एकदाही अडखळला नाही. बाया डोळे पुसू लागल्या. आई मधेच उठली आणि माझ्याकडं न बघता घरात गेली.

ती गेलेली मला दिसली. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत म्हणत राहिलो.